संत मार्टिनच्या सणाची मिस्सा

ह्या धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना बाप्तिस्म्याच्या व मृत्यूच्या जुन्या वह्या चाळाव्या लागल्या. परंतु दर्यावर गेलेल्या माणसांचा माग वह्यांपेक्षां त्यांच्या लेंकरांच्या आठवणींतच अधिक लागतो. आमच्या एका वृद्ध भगिनींचे वडील दुसऱ्या महायुद्धांत रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ ह्या सुरुंग काढणाऱ्या जहाजावर स्टुअर्ड होते. लढाईची गोष्ट त्यांनीं घरीं पुरी कधीं सांगितली नाहीं. चहाचा पेला मात्र ते नेहमीं अर्धाच भरीत. हलत्या जहाजावर जडलेली ती संवय घरच्या स्थिर जमिनीवरहि सुटली नाहीं.

ता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं, कोकोस बेटांच्या नैऋत्येस, बेंगाल हें ‘ओंदिना’ ह्या डच तेलवाहू जहाजास सोबत करीत असतां, होकोकु मारू व ऐकोकु मारू हीं दोन सशस्त्र जपानी जहाजें समोर आलीं. तीं प्रत्येकीं दहा हजार टनांवरचीं. बेंगाल अवघें साडेसहाशें टनांचें, आणि नांव घेण्याजोगी तोफ त्यावर एकच. लेफ्टनंट-कमांडर विल्सन यांनीं तेलवाहूस निसटून जाण्यास सांगितलें व आपलें जहाज शत्रूवर घातलें. अशा वेळीं स्वयंपाकी व स्टुअर्ड यांनाहि दारूगोळा वाहावा लागे.

होकोकु मारूवर स्फोट होऊन तें बुडालें. आपल्याकडे हें सारें यश बेंगालच्या पदरीं घालण्याचा प्रघात आहे. माझ्या मतें निर्णायक गोळा ओंदिनाचा असण्याचाच संभव अधिक. ह्या भगिनींस हें मीं भीतभीतच सांगितलें. त्या म्हणाल्या, “बाबाहि तेंच म्हणत, फादर. डचांनीं मारलें, आम्ही आड उभे राहिलों.”

ओंदिनाचे कप्तान हॉर्समन त्या दिवशीं मारले गेले. होड्यांत उतरलेले त्यांचे खलाशी पुन्हां जहाजावर चढले व त्यांनीं तें ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल बंदरास परत नेलें. बेंगाल दिएगो गार्सियास पोंचलें.

तो दिवस संत मार्टिनच्या सणाचा. हा संतहि पूर्वाश्रमींचा शिपाईच. दरवर्षीं त्या दिवशीं वडील मिस्सेसाठीं दान देत व सोबतच्या चिठ्ठींत “बुडालेल्या सर्वांसाठीं” एवढेंच लिहीत. “जपान्यांसाठींहि का?” असें मुलीनें लहानपणीं विचारलें असतां त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, पुढच्या वर्षींची चिठ्ठीहि तशीच होती.

त्यांच्या पश्चात् ती चिठ्ठी मुलगी आणून देते. गेल्या वर्षीं तींत तिनें कप्तान हॉर्समन यांचें नांव माझ्याकडून लिहवून घेतलें.