बाळगोळी

कोल्हापूरकडील घरांतून बाळगुटीची सहाण आमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हिरडा, वेखंड, जायफळ यांचे एकदोन वळसे उगाळून ते बाळाला चाटवीत. नावाने तिची बहीण शोभावी अशी बाळगोळी मात्र निराळी. तिच्यात अफू असे.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून असंख्य कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांत गेली. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, आणि ही सुधारणा समजली गेली! तान्हे मूल चाळीतल्या खोलीत, एखाद्या म्हातारीच्या हवाली. ते रडू नये म्हणून सकाळी एक गोळी. 1922 साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी-कामगार स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या अर्भकांपैकी सुमारे 98 टक्के मुलांना अफू दिली जात होती. इतक्या मातांना निर्दय कसे म्हणावे? इंग्लंडच्या गिरणगावांतही ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूचे सरबत याच कामी येई.

अफूने मूल झोपे, पण त्याची भूकही झोपे. पोट धरे, अंग सुके. काही आठवड्यांत तीच मात्रा पुरेनाशी होई. गोळी चुकली की हगवण, कंप, अखंड रडणे. ते रडणे थांबवायला पुन्हा गोळीच. मात्रा जरा अधिक झाली तर श्वास मंदावून मूल उठतच नसे.

1929 साली मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. खाण्याच्या अफूची खुली विक्री मात्र देशात 1959 पर्यंत चालली.

तोवर नव्या गोळ्यांचा काळ उंबरठ्यावर आला होता. 1960 साली लिब्रियम, 1963 साली व्हॅलियम. या अफूच्या नव्हेत, आणि योग्य वेळी, थोडे दिवस त्या खरोखर उपकारक ठरतात. पण महिनोन्महिने घेतल्या तर शरीर त्यांनाही सरावते. स्मरण मंदावते, वृद्धांचा तोल जातो; एकाएकी सोडल्यास झोप उडते, कधी झटकेही येतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या देताना औषधविक्रेत्याला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. बाळगोळीची नोंद कुणी ठेवली नव्हती.