घराबाहेर पडलेल्या सखूचं कूळ

मराठी चित्रपटातली एखादी नायिका घर सोडून निघाली की तिचं कूळ शोधणारे बहुतेक जण थेट नॉर्वेला पोहोचतात. १८७९ साली इब्सेनने नोराला नवऱ्याच्या घराबाहेर काढलं, ते वारं आपल्याकडे आलं, अत्र्यांनी १९३४ मध्ये ‘घराबाहेर’ लिहिलं आणि तिथून आपल्या बायका बंड करू लागल्या, अशी ती मांडणी. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहायला बसलेल्या खेड्यातल्या बाईला घराबाहेर पडलेली बाई मुळीच नवी नव्हती. कीर्तनातून आणि जात्यावरच्या ओव्यांतून ती तिच्या ओळखीची होती. ती कऱ्हाडची सून होती आणि तिला जायचं होतं पंढरपूरला.

सखूची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ती नीट आठवून पाहावी अशी आहे. सासरी छळ आहे, पोटभर जेवण नाही, कामाला अंत नाही. एके दिवशी ती कृष्णेवर पाणी भरायला गेलेली असताना पंढरीला निघालेली दिंडी दिसते. सखू घागर तिथेच ठेवते आणि दिंडीबरोबर चालू लागते. कोणाला विचारत नाही, घरी निरोप पाठवत नाही. सासरची माणसं तिला फरफटत परत आणतात, खांबाला बांधतात, उपाशी ठेवतात. मग विठ्ठल बाईच्या रूपात येतो, तिच्या दोऱ्या सोडतो, स्वतःला त्याच खांबाला बांधून घेतो आणि तिला सांगतो, जा. सखू पंढरपूरला पोहोचते, तिथेच देह ठेवते. इकडे देव सुनेची कामं करत बसलेला. धुणी, भांडी, पाणी, दळण. शेवटी रुक्मिणी सखूला पुन्हा उठवते, कारण सखू परत गेल्याशिवाय देवाची सुटका नाही.

या गोष्टीत चमत्कार बरेच आहेत, पण खरी हालचाल एकच, घागर खाली ठेवण्याची. बाकी सगळं त्यानंतर घडतं. आणि देव तिला घरी बसून नामस्मरण कर असं सांगत नाही, तिच्या जागी स्वतः उभा राहतो. बाईने बाहेर पडायचं तर घरातलं काम कोण करणार, हा प्रश्न या गोष्टीने शेकडो वर्षांपूर्वी विचारला आणि त्याचं उत्तरही दिलं. आजच्या किती पटकथा इतक्या मुळाशी जातात?

सखू पंढरपूरलाच का निघाली, यालाही कारण आहे. तमाशाला, बाजाराला, मैत्रिणीकडे जाते म्हणणारी सून उंबऱ्यातच अडवली गेली असती. वारीला जाते म्हणणाऱ्या बाईला अडवणं मात्र घराला जड जायचं, कारण अडवणाऱ्यालाच पाप लागायचं. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, आणि माहेरी जाण्याचा हक्क सासरलाही पुरता नाकारता येत नव्हता. आजही आषाढीला डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकांकडे पाहिलं की हे कळतं. एरवी तालुक्याच्या गावालाही एकटी न जाणारी बाई इथे दोन-अडीच आठवडे घराबाहेर असते, उघड्यावर झोपते, फुगडी घालते, मोठ्याने गाते. तिला कोणी जाब विचारत नाही.

सखूच्या आगेमागेही बायका आहेत. गंगाखेडहून पंढरपूरला नामदेवांच्या घरी आलेली जनाबाई. शहरालगतच्या गोपाळपुरात तिचं जातं आजही दाखवतात. दगडी जातं ते, बायका वाकून खुंट्याला हात लावतात आणि मगच पुढे सरकतात. दासी म्हणून राबलेल्या या बाईच्या नावावर जो अभंग आहे, त्यात ती डोक्यावरच्या पदराची पर्वा न करता भर बाजारात जाण्याची भाषा करते. तेराव्या-चौदाव्या शतकातली बाई हे म्हणते, आणि आपण बंडखोरीचं मूळ परदेशात शोधतो. दुसरी मंगळवेढ्याची कान्होपात्रा. गणिकेच्या पोटी जन्मलेली, बिदरच्या बादशहाच्या जनानखान्यात जायला नकार देऊन विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडणारी. विठ्ठल मंदिराच्या आवारात तिच्या नावाने तरटीचं झाड दाखवतात. आपलं शरीर कोणाच्या हवाली करायचं हे मी ठरवीन, असं सांगणारी नायिका यापेक्षा स्पष्ट कुठे सापडेल?

या बायका रंगमंचावर आणि पडद्यावर आल्या त्या आधी पुरुषांच्या अंगाने. फाळक्यांना १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी आल्या आणि पडद्याला खरी बाई मिळाली. गंधर्व नाटक मंडळीने १९३१ मध्ये ‘संत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आणलं तेव्हाही कान्होपात्रा होते बालगंधर्वच.

मग ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे संतपट आले. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा म्हणून विष्णुपंत पागनीस शोभलेच, पण मला विचाराल तर तो चित्रपट जिजाईचा आहे. देव भक्ताला भेटतो तेव्हा भक्ताच्या बायकोला घर चालवावं लागतं, हे ती विठोबालाच सुनावते. गौरी नावाच्या बाईंनी ती केली. स्टुडिओत साध्या कामाला असलेल्या या बाईंच्या आवाजात जी धार होती ती शिकवून येत नाही. पुढच्याच वर्षी शांतारामबापूंनी नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. ओरडत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहते आणि नाही म्हणते. ही भूमिका करणाऱ्या शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच. १९३९ मध्ये त्या ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या.

आणि १९४१ मध्ये दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांनी ‘संत सखू’ केला. सखू झाली हंसा वाडकर, तेव्हा विशीही न गाठलेली. छळणारी सासू पुन्हा गौरीच. ज्या बाईने जिजाईच्या तोंडून घरच्या बाईची कैफियत मांडली तिलाच सासू करावं, ही ‘प्रभात’ची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. घरातली बाई घरातल्या बाईला बांधते, हे पंढरपूरला आलेल्या कुठल्याही सुनेला सांगायची गरज नव्हती.

हंसा वाडकर हे या कुळकथेतलं सांध्याचं माणूस आहे. कलावंतिणीच्या घराण्यात जन्मलेली, लहान वयात कमवायला लागलेली ही मुलगी सखू झाली, आणि काही वर्षांतच ‘लोकशाहीर रामजोशी’मध्ये बयाबाई झाली. १९५९ मध्ये अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त तिने तमासगीर बाई उभी केली. पुण्याच्या विजयानंदला तो चित्रपट १३१ आठवडे चालला. संतीण आणि नाचणारी या मराठी पडद्याने दोन टोकांना उभ्या केलेल्या बाया, पण दोन्हींना चेहरा दिला तो एकाच बाईने. दोघींत साम्य एकच, दोघी घराच्या हिशेबात बसत नाहीत.

तमासगीर म्हटलं की पंढरपूरचं आणखी एक नाव घ्यावंच लागतं. विठाबाई नारायणगावकर १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मल्या, विठोबाच्या गावची म्हणून विठा. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, मध्येच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि प्रेक्षकांसमोर पुन्हा उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या तमाशापटांनी मात्र अशा बाईचं काय केलं? पाटलाला किंवा मास्तरला नादी लावणारी, नाहीतर शेवटी एका पुरुषासाठी झुरणारी बाई दाखवली. फड चालवणारी, हिशेब ठेवणारी, पोटुशी असताना कमावणारी बाई त्यात अपवादानेच आली. ही पडद्याची मोठी चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

हंसाबाईंनी मात्र आपली गोष्ट स्वतः सांगितली. ‘सांगत्ये ऐका’ याच नावाचं त्यांचं आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलं. घर, नवरा, दारू, निघून जाणं, परत येणं, काही लपवलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला आणि हंसाबाईंच्या जागी उभी राहिली स्मिता पाटील. एकदा सखू झालेल्या बाईचं आयुष्य आता स्वतःच कथानक झालं, आणि त्यात सोडवायला येणारा देव नव्हता.

पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच स्मिता पाटीलला घेऊन जब्बार पटेलांनी ‘उंबरठा’ केला. शांता निसळ यांची ‘बेघर’ कादंबरी, पटकथा विजय तेंडुलकरांची. जब्बार पटेल १९४२ मध्ये पंढरपुरात जन्मले. जन्मगावावरून कलाकृतीचा अर्थ लावू नये हे मान्य, पण कुळकथेत गाव नोंदवावंच लागतं. सुलभा महाजनला सासरी काहीही कमी नाही. मारहाण नाही, उपासमार नाही, खांब नाही. तिला काम हवं आहे. ती लहान मुलीला घरी ठेवून दूर गावच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, तिथली घाण पाहते, हरते, परत येते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा निघते. सखूच्या जागी देव राबला, सुलभाच्या जागी दुसरी बाई आली. दोन्ही कथांमध्ये घराने रिकामी जागा भरून काढली, आणि फरक कोणाला पडला तर तो निघालेल्या बाईला. सखू शेवटी परत सासरी येते, सुलभा राहत नाही. ‘उंबरठा’ एवढं पाऊल पुढे गेला.

सुधारगृह म्हटल्यावर पंढरपूरकरांना नवरंगे बालकाश्रम आठवणार. प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये इथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, त्याचंच हे पुढचं रूप. यात्रेच्या निमित्ताने इथे आणून सोडलेल्या विधवा, त्यांची मुलं, यांना थारा देणारी ही जागा. बाईला बाहेर पडायला पंढरीची वाट जशी होती, तशी घराला नकोशी बाई टाकून द्यायलाही हीच वाट होती. हे सांगितल्याशिवाय पंढरपूरची गोष्ट पुरी होत नाही.

या कुळाची एक हसरी शाखाही आहे. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त अत्र्यांची किशोरी ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या तरुणाला जिंकायला थेट त्याच्या आश्रमात शिरते. किशोरी झालेली मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पाहून महाराष्ट्र हादरला, पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की पुढाकार तिचा आहे. पुढे २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त मुक्ता बर्वे स्थळाला नकार द्यायला एकटी पुण्याला येते आणि दिवसभर एका अनोळखी तरुणाबरोबर गावभर भटकते. कोणी तिला फरफटत नेत नाही. प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रपटांना आपण उगाच कमी लेखतो. बाईचं एकटीने निघणं त्यांनी विनासायास, साधं करून दाखवलं.

पण सगळ्यात जास्त वाढली ती तिसरीच शाखा. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने महाराष्ट्रातल्या बायकांना थिएटरात रडवलं. अलका कुबल यांची लक्ष्मी सोसते, सोसते आणि मरते. सखूच्या गोष्टीतला खांब घेतला, दोऱ्या घेतल्या, सासू घेतली आणि दिंडी वगळली. मग उरतं ते फक्त सासुरवास. त्यानंतर किती मालिका याच अर्ध्या गोष्टीवर उभ्या आहेत ते सांगायला नको.

सोलापूर जिल्ह्यानेच २०१६ मध्ये पुन्हा एक निघालेली मुलगी दिली. करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे आणि अकलूजची रिंकू राजगुरू यांचा ‘सैराट’. ट्रॅक्टर चालवणारी आर्ची पूर्वार्धात प्रेमकथेची खट्याळ नायिका आहे, उत्तरार्धात घर सोडलेली बाई. शेवटी माहेरच तिला मारायला येतं. हा शेवट खरा आहे म्हणून तो अंगावर येतो.

आणि पंढरपुरातच घडणारा ‘एलिझाबेथ एकादशी’, २०१४ चा. तिथली विधवा आई घराबाहेर पडत नाही. स्वेटर विणायचं यंत्र कर्जापायी जप्त झालंय, ते सोडवायची तिची धडपड चाललेली असते आणि गावात यात्रा भरलेली असते. परेश मोकाशींनी तिला देवी केलं नाही, बिचारीही केलं नाही. आपल्या पडद्यावर अशा बाया फार थोड्या आहेत.

पटकथा लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सखूची गोष्ट पुन्हा सांगाल, आणि नाव बदलून तुम्ही ती सांगतच असता, तर खांबापाशी कॅमेरा थांबवू नका. ती पंढरपूरला पोहोचली होती. तिथवर जा, आणि ती गेल्यावर घरातलं दळण कोणी दळलं तेही दाखवा.