हात कोणाचे होते?

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाहीत. बहुतेकींचा बळी सूतिकाज्वराने घेतला.

कोणत्या विभागात भरती व्हायची, हे वारावर ठरे. गरीब बायकांना सगळे ठाऊक होते. पहिल्या विभागाची पाळी आली की त्या डॉक्टरांच्या हातापाया पडत. डॉक्टर मात्र हवेला, गर्दीला, बायकांच्या मनातल्या भीतीला दोष देत.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर तिथे सहायक होता. मार्च १८४७ मध्ये त्याचे मित्र प्रा. कोलेच्का वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या प्रेतात दिसले तेच, जे बाळंतिणींच्या प्रेतांत दिसे. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर प्रेते चिरून तसेच बाळंतिणींना तपासत होते. सुईणी प्रेताला हात लावत नव्हत्या.

मे महिन्यात त्याने ब्लिचिंग पावडरसारख्या क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी गेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनवर आले.

तरीही अनेक नामवंतांनी त्याला मानले नाही. मानणे म्हणजे आपल्याच हातांनी माणसे मेली, हे कबूल करणे. सेमेलवाइसने मात्र हा दोष आधी स्वतःवर घेतला. आपल्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते देवच जाणे, असे त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला.

१८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत लुई पाश्चरने सूतिकाज्वराचा जंतू फळ्यावर काढून दाखवला: मण्यांच्या माळेसारखा. तोच स्ट्रेप्टोकोकस. आज आपल्या मुलांचा घसा सुजवणारा आणि दुर्लक्ष झाले, तर संधिवाताच्या तापातून हृदयाच्या झडपा निकामी करणारा जंतूही तोच. आता त्यावर पेनिसिलिन आहे.

मी शिक्षक आहे. मुलगा नापास झाला की आम्हीही घराला, वस्तीला, भाषेला दोष देतो. स्वतःचे हात क्वचितच पाहतो. म्हणून ही गोष्ट वर्गात सांगताना मी ती आधी स्वतःला सांगतो.