पहाऱ्यावर जन्मलेले इंजिन

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरावर बाँब पडत, तेव्हा तेथील कारखान्यांतून रात्रभर आगीचा पहारा ठेवावा लागे. विल्यम लायन्स यांनी आपल्या मोटार-कारखान्यातील पहाऱ्यावर हेन्स, हॅसन आणि बेली या अभियंत्यांना सोबतीस घेतले. त्या जागरणांत युद्धोत्तर काळासाठी एका इंजिनाचा विचार आकारास आला. जॅग्वारचे ‘एक्सके’ इंजिन ते हेच.

सहा सिलिंडर, ३४४२ घन सेंटिमीटर आणि माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. अशी रचना तोवर प्रामुख्याने शर्यतीच्या व महागड्या मोटारींतच आढळे. गंमत अशी, की लायन्स यांच्या मनात होती ती ऐसपैस कुटुंबाची मोटार. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेली दोन आसनांची ‘एक्सके १२०’ थोडक्याच संख्येने काढावयाची होती. गिऱ्हाइकांनी तो बेत पालटविला.

१९५१ साली याच इंजिनाने फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मला मात्र त्याहून बोधप्रद वाटते ते १९५२ चे अपयश. जर्मन मर्सिडीजच्या वेगाची धास्ती घेऊन जॅग्वारने गाडीचे नाक उतरते केले, आणि त्यापायी रेडिएटर व पाण्याच्या नळ्यांची मांडणी बदलली. पहिल्या काही तासांतच तिन्ही गाड्या बाद झाल्या. चालक कसलेले होते. मूळ दुखणे तापण्याचे होते. पुढल्या वर्षी जुना आकार परत आला, जोडीला डिस्क ब्रेक आले, आणि रोल्ट व हॅमिल्टन यांनी ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीने शर्यत जिंकली. तेथे हा आकडा प्रथमच ओलांडला गेला.

आज हौशी मालक या वृद्ध गाड्या शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर दिवसभर पळवितात, तेव्हा तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते. या इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे, तर ब्लॉक बिडाचा. उष्णतेने दोन्ही सारखे फुगत नाहीत. ताप अनावर झाला की डोके वाकते, गास्केट जाते. म्हणून बाहेरील रंगाला झिलई देण्याआधी ब्लॉकच्या पोटातील गंजाचा गाळ काढावा. (झिलई देणारेच अधिक भेटतात!) दुसरी चिंता तेलाची. लांब वळणावर तेल एका बाजूस सरते, पंप हवा ओढतो आणि क्षणार्धात बेअरिंग कोरडे पडते. १९५४ च्या शर्यती ‘डी-टाइप’ला यासाठी तेलाची स्वतंत्र टाकी दिली होती; रस्त्यावरच्या गाडीस ती नाही. तेव्हा वळणावर नजर दाबाच्या काट्यावर हवी.

टॅपेटचे अंतर साधणे हे तर चिकाटीचे काम. अंतर मोजावयाचे इंचाच्या हजाराव्या भागांत, आणि चुकले तर आतील पातळ चकती बदलण्यासाठी कॅमशाफ्टच उतरवावा लागतो. हे इंजिन १९९२ पर्यंत निघत राहिल्यामुळे चकत्या, साखळ्या, बेअरिंगे आजही मिळतात. ब्लॉकही दुसरा मिळेल. पण फुटलेल्या ब्लॉकवर ठोकलेला त्या गाडीचा मूळ क्रमांक त्याच्याबरोबरच जातो.