घड्याळाच्या गावचा नगरशिल्पी
(सुवर्णकला, घड्याळकला आणि आपले चंदिगढ)

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यास आपण चंदिगढ दाखवावयास निघतो, तेव्हा त्याला सुखना तलाव, रॉक गार्डन, गुलाबांचे उद्यान आणि कॅपिटॉल या गोष्टी आवर्जून दाखवितो. हे नगर ल कॉर्बूझिए नावाच्या वास्तुशिल्पकाराने रचिले, हेही सांगतो. परंतु हा गृहस्थ मुळात वास्तुशिल्पी होण्यासाठी शिकलाच नव्हता. घड्याळांच्या कव्हरांवर नक्षी कोरण्याचे शिक्षण त्याने घेतले होते, ही गोष्ट या नगरात वर्षानुवर्षे राहणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. सोनाराची कला आणि घड्याळजीची कला यांचा जो संगम युरोपात घडून आला, त्याचा एक प्रवाह अशा रीतीने थेट आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ जिनेव्हापासून करावा लागतो. इ.स. १५४१ मध्ये धर्मसुधारक काल्व्हँ हा जिनेव्हास परत आला आणि त्या नगरात कडक आचारधर्माचे राज्य सुरू झाले. अंगावर दागिने मिरविणे हे पाप ठरले. सोनारांच्या पेढ्यांवर अर्थातच संक्रांत आली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये छळ सोसलेले प्रॉटेस्टंट पंथीय आश्रयार्थ जिनेव्हात येत होते, आणि त्यांच्यापैकी काहींना घड्याळे करण्याची विद्या अवगत होती. दागिना निषिद्ध असला तरी वेळ दाखविणारे यंत्र निषिद्ध नव्हते. धंदा बुडालेल्या सोनारांचा हात आणि देशोधडीला लागलेल्या घड्याळजींचे ज्ञान एकत्र आले. १६०१ मध्ये तेथे घड्याळजींचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. निर्बंध पुढे सैल झाले, तेव्हा घड्याळ हाच एक दागिना होऊन बसला होता.

ही जोडी जमविणे वाटते तितके सोपे नाही. सोनाराला नरम, उंची सोने प्रिय. घड्याळजीला कव्हर टणक हवे, कारण आत धूळ गेली की यंत्र बिघडते. रत्न कोंदणात बसवावयाचे तर धातूला जाडी पाहिजे. उलट खिशात किंवा मनगटावर वागवावयाचे घड्याळ पातळ हवे. डाख देण्यासाठी किंवा मिना भाजण्यासाठी विस्तव लागतो. पण यंत्र आत बसल्यावर विस्तव जवळ नेता येत नाही. म्हणून भाजकाम, जडाव, कोरीव काम, यंत्राची बसवणी यांचा क्रम आणि मापे आधीच ठरवावी लागतात. एकाने केसभर चूक केली तर चौघांचे श्रम वाया जातात. थोडक्यात, या कलेत कौशल्याइतकेच महत्त्व सर्वांनी मान्य केलेल्या एका मापाला आहे.

रत्ने घड्याळाच्या केवळ अंगावर राहिली असेही नाही. ती त्याच्या पोटातही शिरली. १७०४ मध्ये निकोला फातिओ या गणितज्ञाने लंडनमधील दबॉफ्र बंधूंसह माणकास सूक्ष्म छिद्र पाडून चाकाच्या आसासाठी त्याचा उपयोग करण्याचे पेटंट मिळविले. माणिक अत्यंत कठीण व गुळगुळीत असल्याने आस झिजत नाही आणि घर्षण कमी होते. पुढे १९०२ मध्ये व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक तयार करण्याची आपली कृती जाहीर केली आणि ही चैन सामान्यांच्या आवाक्यात आली. आपल्या वडिलांच्या मनगटावरील एच.एम.टी. ‘जनता’च्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असे, ते हेच. धातूच्या साध्या पेटीत सतरा माणके घेऊन हिंडणारा तो कारकून स्वतःला कधी श्रीमंत समजत नसे, एवढेच!

आता दागिना आणि घड्याळ यांच्या मीलनाचा एक नामांकित नमुना पाहू. पॅरिसच्या नितो या जवाहिऱ्याने १८११ मध्ये मोती व पाचू जडविलेल्या सुवर्णकंकणांची एक जोडी घडविली. एका कंकणात इवलेसे घड्याळ, तर दुसऱ्यात दिनदर्शिका. मनगटी घड्याळ पुरुषांच्या हाती येण्यापूर्वी शतकभर ही जोडी तयार झाली होती. ही पेढी नंतर शोमे या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि येथेच तिचा संबंध मराठी घराण्याशी येतो. १९१३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी शोमेकडून पेरूच्या नव्हे, तर नासपतीच्या आकाराचे, प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे दोन हिरे खरेदी केले. ‘इंदूर पेअर्स’ म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांचे मराठेशाही पोशाखातील जे तैलचित्र बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढले, त्यात हे हिरे त्यांच्या गळ्यात दिसतात.

या यशवंतरावांनी १९३० नंतर एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराकडून इंदुरात माणिकबाग हा आधुनिक पद्धतीचा प्रासाद बांधून घेतला. त्यासाठी युरोपातून जे सामान आले, त्यात ल कॉर्बूझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांनी मिळून आखलेली प्रसिद्ध आरामखुर्चीही होती. चंदिगढचा नकाशा कागदावर उमटण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे या शिल्पकाराची कृती एका मराठी राजाच्या घरी विसावली होती, ही गोष्ट आम्हां चंदिगढवासी मराठी मंडळींस कौतुकाची वाटावी. पुढे त्या वास्तूत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास त्याचे विशेष नवल वाटत नाही. आमच्या फाइलींना कोणताही राजवाडा परका नसतो.

ज्या गावाने हा शिल्पकार दिला त्या गावाकडे आता वळू. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतात, सुमारे हजार मीटर उंचीवर, ला शो-द-फाँ नावाचे नगर आहे. १७९४ मध्ये ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्यानंतर ते जे उभे राहिले ते सरळ, समांतर रस्त्यांचे, आखीव. घरांच्या रांगा अशा की कारागिराच्या मेजावर दिवसाचा उजेड पुरेपूर पडावा. घड्याळाचे काम तेथे घराघरांत वाटलेले असे. एका घरी चाके, दुसऱ्या घरी काटे, तिसऱ्या घरी तबकडी, चौथ्या घरी कव्हरावरचे कोरीव काम. कार्ल मार्क्सने १८६७ च्या आपल्या ग्रंथात श्रमविभागाची चर्चा करताना या गावाला घड्याळांचा एकच एक प्रचंड कारखाना म्हटले आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी गाव ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तेथेही चांदीचा दागिना अनेक घरांतून, अनेक हातांखालून फिरून पूर्ण होतो.

अशा या गावात ६ ऑक्टोबर १८८७ रोजी शार्ल-एदुआर जानरे याचा जन्म झाला. ल कॉर्बूझिए हे नाव त्याने फार पुढे, १९२० मध्ये, धारण केले. आई पियानो शिकवीत असे, तर वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिना चढवीत. हे काम मोठ्या चिकाटीचे. तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची बारीक पूड पसरावयाची, ती भट्टीत सुमारे ८०० अंशांवर वितळवावयाची, थंड करून पुन्हा थर द्यावयाचा. शेवटी आकडे रंगवून पुन्हा भाजावयाचे. धुळीचा एक कण बसला तरी तबकडी टाकून द्यावी लागे. तेराव्या वर्षी मुलगा गावच्या कलाशाळेत दाखल झाला. घड्याळाच्या धंद्याला कोरीव कामाचे कारागीर पुरविण्यासाठीच ती शाळा होती. त्याने कोरलेल्या घड्याळाला प्रदर्शनात गौरवही लाभला.

परंतु मुलाची दृष्टी अधू होती. भिंगाखाली दिवसभर काम करणे त्याला झेपण्यासारखे नव्हते. त्यातच कोरीव कव्हरांची हौस मागे पडू लागली होती आणि यंत्राने दाबून काढलेली स्वस्त नक्षी बाजारात येत होती. लेप्लातनिए नावाच्या त्याच्या गुरूने हे ओळखले आणि त्याला वास्तुकलेकडे वळविले. अठराव्या वर्षाच्या आसपास त्याने गावातच पहिल्या घराची आखणी केली. वडिलांचा व्यवसाय मुलाच्या हातून सुटला. घराण्याचा धंदा सोडून दूरदेशी पोट भरणाऱ्या आपणां सर्वांस या प्रसंगातील दुःख आणि त्यातील सुटका, दोन्ही सहज समजतील.

हाच मुलगा १९५१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, शिवालिक पर्वताच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. आल्बर्ट मेयर यांचा आराखडा आधी तयार होता. नोविकी हे त्यांचे सहकारी १९५० मध्ये विमान अपघातात मृत्यू पावले होते. ल कॉर्बूझिएने नव्याने आखणी केली. सरळ रस्ते, सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर, उन्हाचा काटेकोर हिशेब. बांधकामासाठी त्याने मानवी देहावरून बसविलेली ‘मोद्युलॉर’ ही मापपद्धती वापरली. एका मापावर सर्व कारागिरांनी चालावे, हा घड्याळजींचा जुना दंडक येथे काँक्रीटमध्ये उतरला असे म्हटल्यास वावगे होऊ नये. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले.

तथापि या वारशाची सर्वांत बोलकी खूण विधानभवनाच्या मुख्य द्वारावर आहे. फ्रान्सने भेट दिलेले, १९६४ मध्ये उघडलेले हे भव्य दार पोलादी पत्र्यांवर मिना चढवून केलेले असून त्यावरील चित्रे स्वतः ल कॉर्बूझिएची आहेत. दाराच्या वरच्या भागी सूर्याचा वर्षभराचा मार्ग, अयने आणि विषुवदिने. खाली नदी, वृक्ष, पशुपक्षी. बापाने बोटभर तबकडीवर मिना भाजून तास दाखविले. मुलाने तोच मिना दाराएवढा करून त्यावर वर्ष दाखविले. कॅपिटॉलच्या आवारात चोवीस तासांच्या सौरदिनाची आकृतीही त्याने योजिली आहे. घड्याळाचे गाव त्याने सोडले, पण काळ मोजण्याचा छंद काही त्याला सोडून गेला नाही.

येथे एक प्रश्न मनात येतो. आपल्याकडे सोनारांच्या कौशल्यास तोटा नव्हता. कोल्हापुरी साज, नथ, तन्मणी घडविणाऱ्या हातांना काय अवघड होते? अठराव्या शतकात कंपनीच्या वकिलांकडून दरबारी येणाऱ्या नजराण्यांत घड्याळेही असत. मग तो संगम आपल्याकडे का झाला नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे, की आपल्याकडे काळ मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. ते तांबटाने घडवावे आणि जोश्याने पाहावे. चोवीस मिनिटांची घटका आणि साठ घटकांचा दिवस हे गणित निर्दोष होते. पण त्या पात्राशी सोनाराचा संबंध येण्याचे कारणच नव्हते. दोन जातींच्या दोन आळ्यांत दोन विद्या शेजारी शेजारी नांदल्या, पण एका मेजावर बसल्या नाहीत. जिनेव्हात संकटाने त्यांना एकत्र बसविले आणि ला शो-द-फाँमध्ये शाळेने.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांतला एक आपल्याच नगरात झाला. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ मध्ये दिल्लीहून चंदिगढला आली आणि १९६३ च्या डिसेंबरात तिच्या आवारात स्विस साहाय्याने इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झाले. सूक्ष्म यंत्रकामाचे शिक्षण देणारी ही शाळा म्हणजे त्या डोंगरी गावच्या परंपरेची दूरची बहीणच. १९६१ मध्ये एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे काढण्यास प्रारंभ केला. आपल्या शेजारच्या पिंजोरला त्याच संस्थेचा यंत्रांचा व पुढे ट्रॅक्टरांचा कारखाना होता.

१९६९ च्या नाताळात जपानमध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले आणि चावीच्या घड्याळाचे दिवस फिरले. स्वित्झर्लंडमध्ये या व्यवसायातील सुमारे ९० हजार रोजगार दीड दशकात तिसऱ्या हिश्श्यावर आले. त्यांतून जे टिकले, ते प्रामुख्याने सोनारकलेचा हात धरूनच टिकले. वेळ तर स्वस्त घड्याळही दाखविते. मोल उरले ते हातकामाला. २०२० मध्ये स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या यांत्रिक घड्याळकलेची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. त्याआधी २००९ मध्ये ला शो-द-फाँ आणि २०१६ मध्ये आपले कॅपिटॉल जागतिक वारसा ठरले होते. आपल्याकडे मात्र २०१६ मध्येच एच.एम.टी.चा घड्याळांचा आणि पिंजोरचा ट्रॅक्टरांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला.

यंत्रे मोडीत निघतात, त्यास इलाज नसतो. परंतु हातांबरोबर जे शब्द आणि ज्या रीती जातात, त्या लिहून ठेवता येतात. आपल्या मंडळात सोनार, तांबट, ओतारी घराण्यांतून आलेली कुटुंबे आहेत; बहुतेकांची मुले आज संगणकावर काम करतात. आजोबांच्या बागेसरीत निखारे कसे फुलवीत, मूस कशाची करीत, फुंकणीचा श्वास किती लांब धरीत, कोणते काम घरातल्या कोणाकडे असे, हे सांगू शकणारी वडील मंडळी सुदैवाने अजून आपल्यांत आहेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने त्यांच्याकडून हे सांगून घ्यावे, ते लिहून काढावे आणि आपल्या ग्रंथालयात ठेवावे, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. आणि पुढच्या खेपेस पाहुण्यांना कॅपिटॉल दाखविताना त्या मिन्याच्या दारापाशी दोन मिनिटे अधिक थांबावे, ही आपणां सर्वांस.