गोंदवले बुद्रुक

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील तीर्थक्षेत्र. सातारा–पंढरपूर रस्त्यावर, दहिवडी आणि म्हसवड यांच्या दरम्यान वसलेले. माणगंगेचे हे खोरे पर्जन्यछायेत येते, त्यामुळे गावाच्या इतिहासात दुष्काळ पुन्हा पुन्हा डोकावतो. शेजारीच गोंदवले खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठी गावांच्या नावांत कायमचे मुरले.

गाव ओळखले जाते ते ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधीमुळे. त्यांचे मूळ नाव गणपती रावजी घुगरदरे. जन्म याच गावी, १९ फेब्रुवारी १८४५ रोजी, कुलकर्ण्यांच्या घराण्यात. मराठवाड्यातील येहळेगावच्या तुकामाईंकडून त्यांना अनुग्रह मिळाला. पुढे रामनामाचा प्रसार आणि अन्नदान यांतच त्यांचे आयुष्य गेले. दुष्काळात त्यांनी आपल्या शेतावर लोकांना काम दिले आणि जेवू घातले. माणसारख्या मुलखात याहून मोठे पुण्य सांगता येणार नाही. २२ डिसेंबर १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तळघरात आहे, आणि तिच्या वरच्या देवळात गोपालकृष्णाची मूर्ती. म्हणजे गाभाऱ्यासमोर हात जोडायचे ते देवाला, आणि समाधीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जायचे.

या स्थळासाठी लोकांच्या तोंडी असलेला ‘समाधी’ हा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. मुळात तो वास्तूचा शब्दच नव्हे. सम्, आ आणि धा यांपासून तो बनला. चित्त एका ठिकाणी नीट ठेवणे हा त्याचा अर्थ. योगात ती ध्यानाची अखेरची पायरी. साधूचा मृत्यू म्हणजे त्या अवस्थेत कायमचे स्थिरावणे, अशी श्रद्धा असल्याने अवस्थेचे नाव आधी त्या घटनेला आणि मग जागेला मिळाले. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली असे आपण म्हणतो. आणि आळंदीला समाधीचे दर्शन घेतले, असेही. एकाच शब्दाने दोन्ही कामे होतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

भव्य थडग्याला युरोपीय भाषांत ‘मोसोलियम’ म्हणतात, त्याचा उगम मात्र एका माणसाच्या नावात आहे. आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम, म्हणजे प्राचीन हालिकार्नासस, येथे मोसोलस नावाचा क्षत्रप राज्य करी. तो इसवी सनपूर्व ३५३ मध्ये वारला. त्याची बहीण आणि पत्नी आर्टेमिसिया हिच्या काळात तेथे सुमारे ४५ मीटर उंचीचे स्मारक उभे राहिले. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना झाली. पुढे ते भूकंपांत ढासळले आणि त्याचे दगड बोद्रुमच्या किल्ल्याच्या भिंतींत गेले. इमारत गेली, पण राजाचे नाव सामान्यनाम होऊन राहिले.

मराठीत या अर्थाला जवळचा शब्द ‘मकबरा’. तो अरबी ‘कब्र’ याच धातूतला. अर्थ सरळ, कबरीचे ठिकाण. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिचा ‘बीबी का मकबरा’ आज छत्रपती संभाजीनगरात आहे, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचा. सरदारांच्या दहनस्थळी ‘छत्री’ बांधत. पुण्याच्या वानवडीतील महादजी शिंद्यांची छत्री त्यांपैकीच. तिचे नाव राजचिन्ह असलेल्या छत्राचे. ‘थडगे’ या शब्दाला मात्र मराठीत काहीसा रुक्ष सूर आहे, आणि गोंदवल्यात तो कोणी उच्चारणार नाही.

गोंदवल्याच्या समाधीत मकबऱ्याची भव्यता नाही. तिची गरजही कधी भासली नाही. गावात महाराजांनी स्थापन केलेली थोरले राम आणि धाकटे राम ही दोन राममंदिरे आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला दुपारी प्रसादाचे जेवण मिळते. मार्गशीर्षात पुण्यतिथीचा उत्सव भरतो. वद्य दशमीच्या पहाटे, महाराजांनी देह ठेवला त्या ५ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास, थंडीत दाटीवाटीने उभे असलेले लोक रामनामाच्या गजरात समाधीवर गुलाल आणि फुले उधळतात.