एका पेटीतली दोन कामं : सुट्या भागांच्या संगणकाचा इतिहास

गेम खेळायला आणि तो खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला, म्हणजे स्ट्रीमिंगला, कमी पैशांत संगणक कसा जोडावा, हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण बघा, मिक्सर किंवा टीव्ही घेताना आपण आतले भाग निवडत नाही. संगणकाचे निवडतो. ही सोय कुठून आली आणि बेताचे पैसे असलेल्या गिऱ्हाइकाला तिचा फायदा नेमका केव्हा झाला, हे आज पाहू.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ पासून करू. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या गटाला तो साधारण वर्षभरात तयार करायचा होता. एवढ्या वेळात सगळं घरात बनवणं शक्य नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली आणि आत जादा कार्डं बसवायला पाच स्लॉट ठेवले. इतरांनी अशी कार्डं बनवावीत म्हणून आतल्या जोडणीची माहितीही पुस्तकरूपाने छापली. आयबीएमच्या मालकीचा राहिला तो बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक कंपनीने मूळ प्रोग्रामची नक्कल न करता तेच काम करणारा बायोस नव्याने लिहून घेतला आणि १९८३ मध्ये आपलं यंत्र बाजारात आणलं. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली. झालं! आता हे यंत्र कोणा एकाचं राहिलं नाही.

आयबीएमने १९८७ मध्ये नव्या, परवान्याच्या जोडणीने दार पुन्हा लोटून पाहिलं. बाजार मागे गेला नाही. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. मदरबोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचं आणि एसएमपीएस तिसऱ्याचा असला तरी स्क्रूची भोकं जुळतात, ती अशा मापांमुळे.

आपल्याकडे ही सोय दिसली ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये. हातात यादी घेऊन चार दुकानांतून कोटेशन आणायचं आणि जिथे बसेल तिथे ‘असेंबल’ करून घ्यायचं. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान उत्पादनांच्या जागतिक करारात सामील झाला. त्या करारानुसार संगणकाच्या बहुतेक भागांवरची आयात जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मध्यमवर्गीय घरात संगणक यायला या जकातकपातीचा मोठा हातभार लागला.

आता खेळाकडे येऊ. १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ आला, तेव्हा पडद्यावरची प्रत्येक भिंत प्रोसेसरच रंगवायचा. खेळ अडखळला तर उपाय एकच, महाग प्रोसेसर. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं. त्याला त्रिमितीय चित्रं काढण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. साध्या पडद्यासाठी आधीचं कार्ड ठेवावंच लागे आणि दोन्ही कार्डं वायरने जोडावी लागत. पण तेवढं एक काम ते इतक्या झपाट्याने करायचं, की मध्यम प्रोसेसरच्या यंत्रावरही खेळ गुळगुळीत चालू लागला. आजच्या व्याख्यानाचं मुख्य सूत्र इथे सापडतं : सगळी कामं करणाऱ्या महाग भागावरचं ओझं जेव्हा एका कामाच्या स्वस्त भागाकडे जातं, तेव्हा बेताचे पैसे असलेल्याचा फायदा होतो.

दुसरी वाट जाणकारीची. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर १४९ डॉलरला आणि पेंटियम टू ४५० हा वरचा प्रोसेसर ६६९ डॉलरला आणला. सेलेरॉनचा वेग म्हणजे बसचा ६६ मेगाहर्ट्झचा वेग गुणिले साडेचार, म्हणजे ३००. हौशी लोकांनी मदरबोर्डवर बस १०० केली. साडेचार गुणिले शंभर, ४५०! बरेचसे सेलेरॉन हा वेग झेपवायचे. कोणत्या आकड्याने वेग ठरतो हे ज्याला माहीत होतं, त्याचे पाचशे डॉलर वाचले.

मग स्ट्रीमिंग आलं आणि हिशेबच बदलला. जून २०११ मध्ये ट्विच सुरू झालं. २०१२ मध्ये ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर आलं. पेटी तीच, कामं मात्र दोन. दुसरं काम किती जड? फुल एचडी चित्र, सेकंदाला साठ फ्रेम, हा कच्चा मजकूर सेकंदाला सुमारे ३००० मेगाबिट होतो. ट्विचवर पाठवायचा तो ६ मेगाबिटच्या आसपास. म्हणजे खेळ चालू असतानाच चित्र दाबून पाचशेव्या हिश्शावर आणायचं. याला एन्कोडिंग म्हणतात. साठ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर तेव्हा दाबण्यात गुंतला, की खेळ अडखळतो.

ज्यांना परवडत होतं ते दोन संगणक ठेवत, एक खेळायला आणि एक दाबायला. बाकीच्यांची अडचण अशी, की २००७ पासून दहा वर्षं इंटेलचे घरगुती प्रोसेसर चार कोरवरच थांबले होते. आठ कोरसाठी हजार डॉलर लागत. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन ७ १७०० हा आठ कोरचा प्रोसेसर ३२९ डॉलरला आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलनेही सहा कोर दिले. आता एका पेटीत दोन्ही कामं बसू लागली.

पण खरी सुटका पुन्हा व्हूडूच्याच वाटेने झाली. एनव्हिडिया २०१२ पासून ग्राफिक्स कार्डातच एन्कोडिंगचा वेगळा कोपरा देत होती. सुरुवातीला त्याचं चित्र तितकंसं चांगलं नव्हतं. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत ते इतकं सुधारलं, की घरगुती स्ट्रीमरने प्रोसेसरला त्रास देण्याचं कारणच उरलं नाही. गंमत म्हणजे त्याच पिढीतलं सर्वांत स्वस्त जीटीएक्स १६५० कार्ड एप्रिल २०१९ मध्ये १४९ डॉलरला आलं, ते आधीच्या पिढीचा एन्कोडर घेऊन. सात महिन्यांनी आलेल्या १६५० सुपरमध्ये नवा एन्कोडर होता, किंमत १५९ डॉलर. दहा डॉलरचा फरक, आणि फक्त खेळणाऱ्याला तो एन्कोडर कधी दिसलाही नसता. स्ट्रीम करणाऱ्याला मात्र प्रत्येक प्रक्षेपणात जाणवला असता.

सगळं शहाणपण बाजार कधी कधी उधळूनही लावतो. २०२० च्या शेवटापासून चिपांचा तुटवडा आणि इथेरियम खणणाऱ्यांची मागणी यांमुळे कार्डं छापील किमतीच्या दुप्पट भावाने गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामच बंद केलं, तेव्हा ती मागणी ओसरली. त्या काळात सुट्या भागांनीच लोकांना तारलं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ ते २०२२ अशा प्रोसेसरच्या अनेक पिढ्या बसत. त्यामुळे आज कामापुरतं घ्यायचं आणि कार्ड दोन वर्षांनी बदलायचं, हे जमत होतं.

तर यादी करताना भागांआधी कामं लिहा. खेळ कोणते, कोणत्या पडद्यावर, स्ट्रीम करायचं की नाही. करायचं असेल तर कार्डाच्या नावापेक्षा त्यातला एन्कोडर कोणत्या पिढीचा आहे ते विचारा. तो चांगला असेल तर सहा कोरचा प्रोसेसर पुरतो आणि वाचलेले पैसे कार्डाकडे वळवता येतात. रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. आणि एसएमपीएसमध्ये काटकसर नको, कारण तो जाताना एकटा जाईलच असं नाही.

शेवटी एवढंच. भाग निवडता येतात ते चाळीस वर्षांपूर्वी एका कंपनीला घाई होती म्हणून, आणि नंतर अनेकांनी ते दार लोटू दिलं नाही म्हणून. आज पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. असं यंत्र घेताना किती पैसे वाचले हे जसं मोजतो, तसं पुढे काय बदलता येणार नाही हेही मोजायला हवं. आता प्रश्न घेऊ.